उरलेल्या भाकरीचा वाटा

केमला आमच्या घरी रात्रीच्या भाकरी माणसं मोजूनच थापल्या जातात, पण त्या मोजणीत एक माणूस जास्तीचा धरलेला असतो. पुणे-सोलापूर लोहमार्गावर जेऊर आणि कुर्डुवाडीच्या मधे आमचं स्टेशन. संध्याकाळच्या गाडीने कोण उतरेल आणि 'पंढरपूरला आलो होतो, म्हटलं डोकावून जावं' म्हणत दारात उभं राहील, सांगता येत नाही. बहुतेक वेळा कोणी येत नाही. त्यात घरातलं एखादं माणूस बाहेर काहीतरी खाऊन आलेलं असतं, एखाद्याची भूक मेलेली असते. सकाळी टोपल्यावरचं फडकं उचललं की खाली दोन-तीन भाकरी असतातच.

मी संगमेश्वरकडची. माहेरी उरायचा तो भात, आणि त्याची आम्हाला कधी काळजी वाटली नाही. रात्री त्यावर पाणी ओतून ठेवायचं, सकाळी मीठ आणि ताक घालून कालवायचा, बरोबर चुलीत भाजलेला सुका बांगडा. नाहीतर भात हाताने मोडून तांदळाच्या पिठात मिसळायचा आणि घावन घालायचे. भात मुळात मऊ, कुठेही मिसळतो. ज्वारीची भाकरी तशी नाही. ती रात्री आठला जी असते ती सकाळी सातला राहत नाही, आणि दुपारी बाराला आणखी तिसरीच होते. हे तिन्ही वेळचे स्वभाव ओळखायला मला माझ्या सासूबाईंनी शिकवलं. आमच्याकडे सासूला 'आत्या' म्हणतात, तर इथून पुढे आत्याच.

आत्यांची बरीच वर्षं कुंकवाच्या कारखान्यात गेली. करमाळा तालुक्याबाहेर केमचं नाव निघालं तर ते दोनच गोष्टींसाठी निघतं, उत्तरेश्वराचं देऊळ आणि कुंकू. गावात कुंकवाचे कारखाने आहेत, आणि चाळणं, भरणं, वजन करून पुड्या बांधणं ही कामं बायकांच्या हातची. सकाळी कामावर निघायच्या घाईत ताजा स्वयंपाक पुरुषमाणसांच्या डब्यापुरता व्हायचा. बायकांची न्याहारी म्हणजे टोपल्यातली रात्रीची भाकरी, वर तेलाचं बोट आणि शेंगादाण्याची चटणी. संध्याकाळी परत आल्या की आत्या न्हाणीत बसून कोपरापर्यंत हात धुवायच्या, नखांच्या कडा घासायच्या, आणि मगच काठवटीत पीठ घ्यायच्या. पांढऱ्याशुभ्र भाकरीवर लाल बोट उमटलेलं त्यांना अजिबात खपायचं नाही.

भाकरी रात्रीतून का बदलते, हे मी पुढे कधीतरी वाचलं, पण त्यातलं बरंचसं आत्यांच्या हाताला आधीच माहीत होतं. गव्हात ग्लुटेन असतं, ते कणीक धरून ठेवतं. ज्वारीत ते नाही. तिथे पीठ बांधून ठेवायचं काम स्टार्चला करावं लागतं, म्हणून तर पीठ गरम पाण्याने मळायचं. पीठ जुनं झालं, त्याची विरी गेली, की पाण्याला चांगली उकळी लागते, नाहीतर भाकरी थापताना कडेने फाटते. तव्यावर आणि नंतर निखाऱ्यावर स्टार्च फुलतो, भाकरीला पापुद्रा सुटतो. पण गार व्हायला लागली की तेच स्टार्चचे रेणू पुन्हा एकमेकांना घट्ट धरतात आणि धरलेलं पाणी सोडून देतात. म्हणून सकाळी भाकरी वातड लागते. पुन्हा ओलसर वाफेत तापवली की ही पकड सुटते, मात्र तेवढ्या वेळापुरतीच. दुसऱ्यांदा गार झाली की आधीपेक्षा कडक.

आत्या यातलं काही बोलायच्या नाहीत. भाकरीची कड दोन बोटांत धरून वाकवायच्या. वाकली आणि सावकाश सरळ झाली, तर नुसत्या तव्यावर पाण्याचा हात फिरवून गरम करायची. वाकली आणि तुटली, तर तुकडे करायचे. वाकलीच नाही, तर आमटीत घालायची, नाहीतर मंद निखाऱ्यावर ठेवून पुरती कडक करायची. आणि पावसाळ्यात कडेला करडा-हिरवा ठिपका दिसला, तर अख्खी भाकरी उकिरड्यावर. गुरांनाही घालायची नाही. हा शेवटचा नियम त्यांनी एकदाही मोडलेला मी पाहिला नाही. बुरशीचा दिसणारा ठिपका खरवडून टाकला तरी तिचे धागे आत पसरलेले असतात आणि काही बुरश्यांचं विष भाजूनही जात नाही, हे कळल्यावर मला त्यांच्या कडकपणाचं नवल वाटलं.

"तिला काय पायजे ते आधी बघ," त्या म्हणायच्या. "उगं वरून तिखट-मीठ टाकून काय हुतंय?"

माझ्या मते घरातल्या शिळ्या अन्नाबद्दल एवढंच शिकण्यासारखं आहे. उरलेलं अन्न बेचव लागतं, म्हणून आपण त्यावर मसाला मारतो. पण बहुतेक वेळा त्याला मसाला कमी पडलेला नसतो. कोणाचं पाणी गेलेलं असतं. कोणाला पाणी जास्त झालेलं असतं. कोणी नुसतंच मऊ पडलेलं असतं, दाताखाली काही येत नाही. कोणाला आंबटाचा एक थेंब हवा असतो. गार पदार्थाची चव जिभेला तशीही कमीच कळते. जे गेलं तेवढं परत दिलं की निम्मं काम झालं.

तुकडेच घ्या. फोडणीचे तुकडे सगळीकडे होतात, आणि निम्म्या घरांत ते कोरडे ठणठणीत, घशाखाली उतरायला पाणी लागेल असे होतात. आमच्याकडची रीत सांगते. भाकरी हाताने मोडायची, सुरीने कापायची नाही, कारण मोडलेल्या कडा खडबडीत राहतात आणि फोडणी तिथेच धरते. तुकडा साधारण अंगठ्याच्या पेराएवढा. खाली पडलेला चुरा वेगळा ठेवायचा. तुकड्यांवर ताक शिंपडायचं, आंबट असलेलं बरं, आणि चमच्याने न हलवता परात दोन-चारदा झटकायची. मग ते तसंच झाकून ठेवायचं. कांदा चिरून होईपर्यंत, लसूण ठेचून होईपर्यंत. या वेळात ताक आतपर्यंत जातं. कढईत तेल, मोहरी, जिरं, हिंग, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, कढीपत्ता, मग कांदा, आणि कांदा गुलाबी झाल्यावर हळद. तुकडे आत गेले की वरून पाण्याचा थेंबही नको. झाकण ठेवून आच अगदी बारीक करायची, एक चांगली वाफ येऊ द्यायची. मग झाकण काढून आच वाढवायची, म्हणजे खालचे तुकडे तव्याला लागल्यासारखे खरपूस होतात. वेगळा ठेवलेला चुरा आणि शेंगादाण्याचं जाडसर कूट आत्ता घालायचं, आधी नाही. आधी घातलं की दोन्ही ओल पिऊन लगदा होतो. शेवटी कोथिंबीर आणि ताटात लिंबू. आत मऊ आणि बाहेर खरपूस, असं एकाच घासात दोन्ही मिळालं पाहिजे.

माझ्या मुलीने पुण्याहून येताना मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला होता. स्पेनमधल्या आंदालुसिया आणि एस्त्रेमादुरा भागांतल्या मेंढपाळांचं खाणं, नाव मिगास. शिळा पाव मोडायचा, आदल्या रात्री त्यावर पाणी शिंपडून फडक्यात झाकून ठेवायचा, सकाळी ऑलिव्हच्या तेलात भरपूर लसूण तळून त्यात परतायचा, वर लाल मिरचीची पूड. आत्यांनी चष्मा लावून सगळा पाहिला आणि एकच शंका काढली, "ताक नाही व्हय त्यांच्यात?"

आता उरलेलं बाकीचं. पिठलं हा आमच्याकडचा रोजचा ऐवज, आणि उरलेलं पिठलं सकाळी घट्ट होऊन पातेल्याच्या आकाराचं बसलेलं असतं. त्यात पाणी घालून पुन्हा पातळ करायचं काम मला कधीच पटलं नाही. गुठळ्या राहतात आणि बेसनाचा कच्चट वास परत वर येतो. त्याला पाणी नको असतंच, दाताखाली काहीतरी हवं असतं. म्हणून ताटलीला तेलाचा हात लावून त्यावर ते थापायचं, वड्या पाडायच्या, तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी परतायच्या. वर तीळ टाकले तर उत्तम. पातेल्याच्या बुडाची खरवड मात्र शिळी होईपर्यंत राहतच नाही, तिच्यावरून भांडणं असतात.

घट्ट वरण किंवा तुरीची आमटी उरली तर धपाटी. ज्वारीचं पीठ, त्यात थोडं गव्हाचं आणि थोडं बेसन, तीळ, ओवा, लसूण-मिरचीचा ठेचा, आणि मळायला पाण्याऐवजी ते वरण. डाळीमुळे धपाटं दुसऱ्या दिवशीही मऊ राहतं, म्हणून प्रवासाला हेच बांधून द्यायचं. गवार, दुधी, दोडका असल्या भाज्या पाणचट उरल्या, तर आधी कढईत त्यांचं पाणी पूर्ण आटवायचं, मग रवीने किंवा वाटीच्या बुडाने रगडून धपाट्याच्या पिठात. दुधी आवडत नाही म्हणणारी दोन माणसं आमच्या घरात आहेत आणि दोघांनाही अजून हे माहीत नाही. चपातीचा प्रश्न सोपा. तिच्यात ग्लुटेन आहे, ती चिवट होते पण फुटत नाही. तिचा चुरा पटकन होतो, गूळ-तूप घालून मलिदाही होतो. त्यावर जास्त लिहावं असं काही नाही.

खरी परीक्षा भगरीची. पंढरपूर जवळ असल्यामुळे असेल, आमच्या भागात एकादशी घरोघर पाळली जाते. त्या दिवशी भगर आणि शेंगादाण्याची आमटी. आमटी संपते, भगर उरते, आणि उरलेल्या भगरीइतकं निर्विकार अन्न मी दुसरं पाहिलेलं नाही. पांढरा, गार, पातेल्याच्या आकाराचा गोळा. तिला चव नाही, वास नाही, नुसतं चिकटपण आहे. यावर पहिला उपाय आंबट. गोळा मोडून त्यात घट्ट दही, वाटलेली हिरवी मिरची, जिरं, मीठ आणि धरण्यापुरता उकडलेला बटाटा किंवा राजगिऱ्याचं पीठ घालायचं. चपट्या टिकिया करून तुपावर अगदी सावकाश भाजायच्या. घाई केली तर चिकटतात. कड तांबूस झाली, टिकी तव्यावर आपोआप सरकायला लागली, की उलटायची. हे सगळं मात्र एकादशीच्याच संध्याकाळी. दुसऱ्या दिवसावर भगर ठेवायची नाही, यावर मी ठाम आहे, आणि इथेच आत्यांचं आणि माझं जमत नाही.

आत्यांचा नाकावर विश्वास. वास आला नाही, तार सुटली नाही, तर अन्न चांगलं. आणि थोडी शंका असली तर, "फोडणी दिली की समदं मरतंय." भाकरीच्या बाबतीत हे चालून जातं, कारण भाकरी कोरडी, तिच्यात जंतूंना वाढायला ओलच पुरेशी नसते. भाताचं, भगरीचं, डाळीचं तसं नाही. भात ओला असतो. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात आणि ते शिजवूनही मरत नाहीत. भात बाहेर कोमट राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि विष तयार करतात. त्यातलं उलटी करवणारं विष उष्णतेला दाद देत नाही. म्हणजे फोडणीत जंतू मरतील, विष तसंच राहील. त्याला वास नाही, तारही नाही. सोलापूर जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यात पारा बेचाळिसाच्या वर जातो, दिवसाला दोन-तीन तास वीज गेलेली असते, आणि स्वयंपाकघर पत्र्याचं. इथे रात्री आठचा भात सकाळपर्यंत ओट्यावर ठेवून त्याचा फोडणीचा भात करायचा नाही. उरेल असं दिसलं की तो ताटात पातळ पसरायचा, वाफ गेली की तास-दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, आणि सकाळी एकदाच कडक गरम करून संपवायचा. कढईभर गरम भात तसाच फ्रीजमध्ये ढकलण्यात अर्थ नाही. मधला भाग कितीतरी वेळ कोमटच राहतो. वीज फार वेळ गेली असेल तर कोंबड्यांना. या एका बाबतीत कोकणातल्या बाईचं सोलापूरच्या बाईने ऐकावं, असं मी आत्यांना म्हणते. त्या हसतात. ऐकतात असं नाही, पण भाताचं पातेलं आता माझ्या ताब्यात असतं.

हे सगळं झालं पदार्थांचं. पण मला या घरात आल्यावर आधी कळलं ते वेगळंच होतं. शिळं कोणी खायचं, हे ठरलेलं होतं.

सासऱ्यांना, म्हणजे मामांना, रात्रीची भाकरी सकाळी ताटात चालायची नाही. दिरांनाही नाही. कोणी तसा नियम केला नव्हता, कोणी ओरडायचं नाही. पहिल्या तव्याची ताजी भाकरी पुरुषांकडे, मग मुलांकडे, आणि टोपल्याच्या तळाची आमच्याकडे. आत्यांच्या आधी त्यांच्या सासूने तेच खाल्लं होतं. बायका हे 'अन्न टाकू नये' म्हणून करत होत्या, आणि ते खरंही होतं. पण अन्न न टाकण्याचा सगळा भार एकाच ताटात का, हा प्रश्न कोणी काढत नव्हतं. वर्षातून एक दिवस मात्र हे उलटं व्हायचं. श्रावणात शीतला सप्तमी येते. आदल्या दिवशी रांधून ठेवायचं, त्या दिवशी चूल पेटवायची नाही, तिला विश्रांती, आणि घरातल्या सगळ्यांनी शिळंच खायचं. त्या दिवशी मामासुद्धा दहीभात आणि आदल्या दिवशीची पुरी निमूट खायचे. व्रताचं शिळं चालतं, रोजचं चालत नाही, यावर मी आणि जाऊबाई स्वयंपाकघरात हसलो होतो.

एका सकाळी ताज्या भाकरीला उशीर होता आणि मामांना कुर्डुवाडीला जायची गाडी गाठायची होती. आत्यांनी आमच्यासाठी केलेले तुकडे त्यांच्या ताटलीत वाढले. लिंबू पिळलेलं, वर कोथिंबीर. त्यांनी खाल्ले आणि आणखी मागितले. पुढच्या आठवड्यात स्वतःहून विचारलं, "ते परवाचं काय होतं, ते न्हाई का आज?" तीच भाकरी, तेच टोपलं. नुसती वाढली असती तर शिळी म्हणून बाजूला सारली असती. फोडणीला पडली, नवं नाव मिळालं, आणि ती सगळ्यांची झाली. त्या दिवसापासून आमच्या वाट्याला तुकडे कमी येऊ लागले ही गोष्ट वेगळी. पण त्या बदल्यात ताजी भाकरीही येऊ लागली.

फोडणीचे तुकडे ही फार जुनी रीत असावी असं मला वाटायचं. आत्यांनी ते खोडून काढलं. त्यांच्या लहानपणी शिळ्या भाकरीला फोडणी द्यायची म्हणजे तेल उधळणं. तेल छटाकभर यायचं, ते कोरड्यासाला पुरवायचं. भाकरीवर फार तर पाट्यावर वाटलेली लाल मिरची, मीठ आणि लसूण, नाहीतर नुसता कांदा बुक्कीने फोडून. शिळ्याला फोडणी मिळाली ती घरात तेलाचा डबा यायला लागल्यावर.

त्यांच्या आठवणीत १९७२चा दुष्काळ पक्का बसलेला आहे. तेव्हा त्या दहा वर्षांच्या आसपास होत्या. सोलापूर जिल्ह्यातून गावंच्या गावं दुष्काळी कामांवर होती. खडी फोडणं, पाझर तलाव, रस्ते. त्यांची आई खडी फोडायला जायची आणि कामावर मिळालेली सुकडी पदरात बांधून आणायची. रेशनवर मिलो मिळायचा, अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी. आमच्या भागातली माणसं मालदांडी खाणारी. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेलं मालदांडी ३५-१ हे वाण इथलंच, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. टपोरी, पांढरी, गोडसर ज्वारी खाल्लेल्या तोंडाला तो मिलो नको व्हायचा. त्याची भाकरी गरम असताना कशीबशी जायची आणि गार झाली की चावायची नाही. आत्यांची आई पाण्याला उकळी आणायची, त्यात मीठ, ठेचलेली मिरची, असला तर लसूण, आणि मूठभर हुलग्याचं पीठ लावून माडग्यासारखं करायची. त्यात मिलोची गार भाकरी चुरून टाकायची. तेल अजिबात नाही. भाकरी त्यात भिजून मऊ व्हायची, पातेलं मोठं दिसायचं आणि लेकरांच्या पोटात गरम काहीतरी जायचं. मी एकदा हौसेने ते करून बघू या म्हटलं, चांगली ज्वारी घेऊन, वर थोडं तूप सोडून. आत्यांनी करू दिलं नाही. "ते काय हौसेनं खायचं हाय व्हय?" म्हणाल्या. मीही पुन्हा विषय काढला नाही. उरलंसुरलं वापरून काही चविष्ट करणं आणि काहीच नसताना पोट भरणं यांत आपण फार सहज गल्लत करतो. फोडणीचे तुकडे ही सुस्थितीतल्या घराची गोष्ट आहे. भाकरी उरते, तेल असतं, कोथिंबीर असते, आणि नको असेल तर नाही म्हणायची सोय असते.

आता सगळंच बदललंय. आमच्या घरात गहू जास्त लागतो, ज्वारी कमी. चांगली मालदांडी गव्हापेक्षा महाग झाली आहे. २०२३ साली आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं, तेव्हापासून तर शहरातले पाहुणे येताना पीठ घेऊन जायची पिशवीच बरोबर आणतात. सोलापुरात बायका घरोघर पातळ कडक भाकरी करून पुड्यांत विकतात, शेंगादाण्याच्या चटणीबरोबर ती पुण्या-मुंबईला जाते. आमच्या आत्या दुपारच्या वाळक्या भाकरीला निखाऱ्यावर ठेवून कडक करायच्या, तेव्हा त्यात काही मोल आहे असं कोणाला वाटलं नव्हतं. सुनेच्या ताटातलं ते, त्याला कोण विचारतो.

मागच्या दिवाळीत मुलगी वसतिगृहातून घरी आली आणि पहिल्याच सकाळी तिने तुकडे मागितले. टोपलं उघडलं तर रिकामं. रात्री सगळ्यांनी भाकरी पुरवून खाल्ल्या होत्या. तिचा चेहरा उतरला. आत्यांनी ताजी भाकरी करून तिचे तुकडे करू का विचारलं, आणि मी नको म्हटलं, कारण ताज्या भाकरीचे तुकडे चिकट होतात, त्यांचा गोळा बसतो. मग तिच्यासाठी धपाटी केली. रात्री पीठ मळायला बसले तशी आत्या ओट्याजवळ आल्या.

"दोन भाकरी जास्तीच्या टाक," म्हणाल्या. "शिळ्या व्हायला."

टाकल्या, आणि आत्यांनी त्या फडक्यात बांधून देवघराच्या फळीवर नेऊन ठेवल्या. रात्री अकराला मुलाने शोधून काढून त्यातली एक दुधात चुरून खाल्ली. सकाळी उरलेल्या एकीचे तुकडे झाले. मुलीच्या वाटीत निम्मे गेले. बाकीचे मामांनी मागायच्या आत आत्यांनी स्वतःच्या ताटलीत वाढून घेतले.